दोन फेऱ्या जास्त

नाशिकजवळच्या ओझरला 'एचएएल'मध्ये मिग-21 विमानं जोडण्यात आणि पुढे त्यांच्या दुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवलेले आजोबा लेकीकडे वेम्बलीला आले, तेव्हा घरात एकच गाऱ्हाणं होतं. नातवाचं रेडिओवर चालणारं विमान उडायचं झकास, उतरताना आपटायचं. लेक प्रॉपेलर घाऊक आणून ठेवू लागली होती.

खेटून घरं असलेल्या गल्लीत ते उडवणार कुठे? शिवाय ब्रिटनमध्ये असं विमान म्हटलं की नोंदणी आली, परीक्षा आली, 400 फुटांची मर्यादा आली. ते मायलेकांनी आधीच उरकलं होतं. रविवारी लेकीने आजोबा-नातवाला लंडनबाहेरच्या क्लबच्या कुरणावर सोडलं.

नातवाने विमान वाऱ्याच्या तोंडावर घेतलं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं. जो पंख झुकेल त्याच बाजूला स्टिक न्यायची, ही युक्ती त्याला पाठ होती. चूक तिथे नव्हतीच. गवत जवळ आलं की अंगठा आपोआप स्टिक मागे ओढायचा. नाक वर जायचं, वेग गळायचा, एक पंख मटकन खाली आणि प्रॉपेलर मातीत. आजही तेच झालं.

आजोबा वैमानिक नव्हते. पण आपटलेलं यंत्र का आपटलं, हे फिटरला वैमानिकाआधी कळतं असं माझं मत आहे.

"पडेल म्हणून तू त्याला वर ओढतोस," ते म्हणाले. "अरे, त्याला वर धरतो तो वेग. तोच तू काढून घेतोस."

"पण जमीन जवळ येते ना, आजोबा!"

"उतरायचं म्हणजे येणारच."

"आणि वाकडं आलं तर?"

"तर उतरवायचं नाही. इंजिन वाढव, फेरी मार, परत ये."

"सगळे बघतायत."

"प्रॉपेलर मोडला तेव्हाही बघतच होते."

नवा प्रॉपेलर बसला. या खेपेला विमान कुंपणाकडे सरकलं. अंगठा थरथरला, पण मागे गेला नाही. थ्रॉटल पुढे गेलं. खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. दुसऱ्या वेळी ते फारच उंचावरून आलं, तेही त्याने सोडून दिलं. तिसऱ्यांदा मात्र सरळ आलं. घोटाभर उंचीवर त्याने स्टिक हलकेच मागे घेतली आणि चाकं गवतावर धावली.

संध्याकाळी गाडीत लेकीने सवयीने विचारलं, "शेवटी किती प्रॉपेलर गेले?"

"एक," आजोबा म्हणाले. "आणि दोन फेऱ्या जास्त."