आधी कोणी कोणाची भाषा शिकावी?



पहिलीच्या वर्गात एक मूल गप्प बसलेले असते. "पाणी पाहिजे का?" असे गुरुजी विचारतात, तरी ते गप्पच. तहान लागलेली असते, पण त्याच्या घरी पाण्याला 'येर' म्हणतात. गावाला ते 'नार' म्हणते. मराठीत त्या शब्दाचा अर्थ अगदी निराळा. असे दोन-चार आठवडे गेले की गुरुजींच्या मनात शेरा लिहून होतो : "मूल मंद आहे." मूल मंद नसते. त्याची भाषा गोंडी असते, एवढेच.

अशा वर्गात आधी कोणी कोणाची भाषा शिकावी? सहा वर्षांच्या मुलाने, की शिकलेल्या, पगार घेणाऱ्या शिक्षकाने? हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याचा नाही, तो न्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा एका बाजूने छत्तीसगडला व दुसऱ्या बाजूने मध्य प्रदेशाला लागून आहे. येथे मराठी आणि हिंदी तर आहेतच. शिवाय पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडीही आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. जग जवळ आले, असे आपण आज म्हणतो. आपल्या धानाच्या बांध्यांपर्यंत ते केव्हाच येऊन पोहोचले होते.

कोणी म्हणेल, "सर्वांना एकच पुस्तक, एकच भाषा, एकच परीक्षा; याहून मोठा न्याय कोणता?" हा युक्तिवाद सरळ दिसतो, पण न्यायाची जुनी व्याख्या वेगळी आहे. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. सर्वांना सारखेच देणे आणि प्रत्येकाला त्याचे देणे, या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. एक मूल घरची भाषा घेऊन वर्गात बसते, दुसरे ती दाराबाहेर ठेवून येते. दोघांपुढे तेच पुस्तक ठेवले, तरी दोघांना सारखे मिळाले असे म्हणता येईल काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी गुरूविषयी विचार करताना त्याची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य आरोग्य बाहेरून आणून भरत नाही. शरीराच्या अंगच्या शक्तीला तो मदत करतो. तसेच शिक्षक ज्ञान ओतत नाही. मुलाला जे ठाऊक आहे, तेथून जे ठाऊक नाही तेथवर तो त्याला नेतो. मग मुलाला काय ठाऊक आहे, हेच शिक्षकाला ठाऊक नसेल तर प्रवास सुरू कोठून करायचा? मे महिन्यात आईबरोबर तेंदूपत्ता मोजणाऱ्या मुलाला सत्तर पानांचे एक पुडके होते हे माहीत असते. दहा पुडक्यांची पाने किती, हे त्याला विचारून पाहा. 'मंद' मुलाचा गुणाकार तेथे सुरू होतो.

कायदा याला प्रतिकूल नाही. १९५६ साली घटनेत घातलेले कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींबद्दल बोलते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तेथे हीच दिशा दाखवतात. परंतु 'शक्य तेथे' या दोन शब्दांत पुष्कळ मुले हरवतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते, तरीही गोंडी घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. आणि मुलाशी बोलणार असतो तो कायदा नव्हे, शिक्षक.

म्हणून शिक्षक घडविण्याचा काळ महत्त्वाचा आहे. भावी शिक्षक पाठाचे टाचण काढायला शिकतो, मानसशास्त्र वाचतो. त्याने काही आठवडे एखाद्या टोल्यावर राहावे, आठवडी बाजारात तेथील भाषेत भाजी घ्यावी, शंभर शब्द शिकावेत आणि आपले उच्चार ऐकून मुलांना हसू द्यावे. हेही प्रशिक्षणच आहे. न कळणाऱ्या भाषेत बसणे म्हणजे काय, हे त्याला तेथे कळेल.

"एका वर्गात चार भाषा, एक शिक्षक किती शिकणार?" ही अडचण खरी आहे. पण कोणी पंडित व्हावे अशी अपेक्षा नाही. मोठ्या मुलाला दुभाषी करता येते, एखाद्या आजीला गोष्ट सांगायला बोलावता येते. आईवडिलांची शंका अधिक गंभीर आहे : "घरची भाषा घरी आहेच; आम्हांला मराठी-इंग्रजी हवी." त्यांचे चुकत नाही. मुलाने मराठी व इंग्रजी शिकलीच पाहिजे. घरची भाषा ही तेथे चढण्याची पहिली पायरी आहे; ती काढून घेतली तर वरच्या पायऱ्या कितीही चांगल्या असल्या तरी पाय पोहोचत नाही. शिवाय ज्या मुलाच्या बोलीला वर्ग हसतो, ते 'आपली आई अडाणी आहे' हाच धडा सर्वांत आधी शिकते.

याचे एक उदाहरण आपल्याच घरात आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. लोकांनी आपली भाषा शिकावी म्हणून ते थांबले नाहीत. स्वतः कोकणी व मराठी शिकले, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि १६१६ साली हजारो ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले. शिकवायला आलेला माणूस आधी शिष्य झाला.

आपल्यात शिक्षक आहेत, डी.एल.एड. करणारी मुले-मुली आहेत. त्यांना आमची विनंती : या आठवड्यात वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव त्याची आई उच्चारते तसे उच्चारा आणि त्याच्याकडून त्याच्या भाषेतला एक शब्द शिका. पालकांनी घरी कोणाच्या बोलीची नक्कल करून हसू नये. उद्या आपलीच मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी एखाद्या वर्गात बसतील. तेथे त्यांच्याविषयी शेरा लिहिण्याआधी कोणीतरी त्यांची भाषा विचारावी, अशीच आपली इच्छा असेल.