विश्वासू कारभारी



पहाटेची लोकल पकडून कामावर जाणारे आपल्या धर्मग्रामात घरोघरी आहेत. त्यांच्या बोलण्यात हल्ली एक शब्द वारंवार येतो : ओनरशिप. 'कामाची ओनरशिप घ्या, म्हणजे वर जाल,' असे साहेब सांगतात. शब्द इंग्रजी असला तरी अर्थ साधा आहे. नेमून दिले तेवढेच करून हात झटकू नयेत. काम आपले समजून तडीस न्यावे. सल्ला चांगलाच आहे. पण त्याच्या पोटात एक प्रश्न दडला आहे. काम आपले समजायचे ते कशासाठी? बढतीसाठी?

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट यांनी १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले. लहान मूल आले तरी तो जास्त पैसे घेत नाही. सर्वांना एकच भाव. वागण्यात खोट नाही. पण धंदा टिकावा एवढ्यासाठीच तो तसा वागत असेल, तर कान्ट त्या वागण्याला नैतिक मोल देत नाहीत. आम्ही पुढे विचारू : उद्या फसवण्यात फायदा दिसला, तर त्याला कोण अडवील?

हा प्रश्न कारखान्यात नेऊन पाहू. पाळी संपायला अर्धा तास उरला आहे. मशीनमधून वेगळाच आवाज येऊ लागतो. बेअरिंग जाणार, हे कामगाराला कळते. मशीन थांबवले, तर आजचे उत्पादन कमी दिसेल आणि ते त्याच्या नावावर लागेल. गप्प राहिला, तर बिघाड पुढच्या पाळीच्या माथी जाईल. ज्याचा डोळा केवळ बढतीवर आहे तो गप्प राहील. काम आपले मानणारा मशीन थांबवील. तसेच इस्पितळात. रात्री एक औषध द्यायचे राहिले, असे परिचारिका पाळी बदलताना स्वतःहून सांगते, तेव्हा तिची चूक उघडी पडते, पण रोग्याचा धोका टळतो. खरी जबाबदारी पुष्कळदा अशीच असते. तिच्यामुळे बढती मिळतेच असे नाही. कधी बोलणीही खावी लागतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू मोलकऱ्याविषयी बोलतो. लांडगा दिसताच मोलकरी पळतो. तो मजुरी घेतो म्हणून प्रभू त्याला दोष देत नाही. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हेही प्रभूनेच सांगितले आहे. दोष हा, की त्याला मेंढरांची पर्वा नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायात प्रभू विचारतो की, जे दुसऱ्याचे आहे त्यात तुम्ही विश्वासू नसाल, तर तुमचे स्वतःचे तुम्हांला कोण देईल? म्हणून ओनरशिपपेक्षा आम्हांला शुभवर्तमानातला 'कारभारी' हा शब्द अधिक खरा वाटतो. माल आपला नाही, हे कारभाऱ्याला ठाऊक असते. तरी तो जीव लावून सांभाळतो, कारण त्याला हिशेब द्यायचा आहे.

मग बढतीची इच्छा धरणे पाप आहे का? मुळीच नाही. घराचे हप्ते, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी यांसाठी चार पैसे अधिक मिळावेत असे वाटणे रास्तच आहे. तालांताच्या दाखल्यातही विश्वासू दासांना अधिक मोठ्या कामावर नेमले जाते. पण बढती हे झाडाचे फळ आहे, मूळ नव्हे.

दुसरी बाजू कामावर ठेवणाऱ्यांची आहे. आपल्यातही काहींचे गाळे आहेत, दुकाने आहेत, काही जण कंत्राटे घेतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणपणी दगडाच्या खाणीत व रासायनिक कारखान्यात काम केले होते. १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेरसेन्स' या परिपत्रकात त्यांनी लिहिले की, सामायिक मालकीच्या ठिकाणीही आपण स्वतःसाठी काम करीत आहोत, असे कामगाराला वाटले पाहिजे. सगळे वरूनच ठरत असेल, तर त्याला आपण प्रचंड यंत्राचे एक चाक आहोत असे वाटते. तेव्हा कामगाराने काम आपले समजावे असे वाटत असेल, तर त्याला वेळेवर पुरेसे वेतन द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याच्या कामाचे श्रेय त्यालाच द्यावे. जबाबदारी त्याची, अधिकार व नफा मात्र आपला, हा न्याय नव्हे.

आणखी एक. कारभाऱ्याला संध्याकाळी किल्ल्या खाली ठेवता येतात. जेवणाच्या ताटावरही ज्याचा फोन थांबत नाही, मुलांशी बोलायला व रविवारच्या मिस्साला ज्याला सवड नाही, त्याने कामाला मालक केले आहे आणि स्वतः गुलाम झाला आहे. पत्नी, मुले व म्हातारे आईवडील हीसुद्धा देवाने सोपवलेलीच ठेव आहे, आणि तिचाही हिशेब आहे.

ह्या आठवड्यात रात्रीच्या प्रार्थनेवेळी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. कोणी पाहत नसतानाही आज मी काम नीट केले का? माझी चूक मी दुसऱ्याच्या माथी मारली का? माझ्या हाताखालच्याला त्याच्या वाट्याचे मी दिले का?

नाझरेथच्या सुतारशाळेत मुकाट्याने राबणाऱ्या संत योसेफा, आमच्या हातांसाठी व आमच्या घरांसाठी विनंती कर.