तपाची मात्रा: धावपटूची साधना आणि मध्यम मार्ग

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या मुळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे: देहाला दिलेले कष्ट माणसाला कधी घडवतात आणि कधी मोडतात? भारतीय परंपरेने तो तपाच्या निमित्ताने विचारला. पुराणांत उग्र तपाचा गौरव विपुल आहे. पण त्याच परंपरेने अतिरेकी तपाला दिलेला नकारही तितकाच ठाम आहे, आणि धावपटूच्या कामाचा तो अधिक आहे. अतिसरावाने जायबंदी होणारे धावपटू आळशी नसतात. त्यांची निष्ठाच त्यांना दुखापतीपर्यंत घेऊन जाते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकट्या व्यायामशास्त्रात सापडत नाही.

पाली विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. श्रीमंत घरात वाढलेला, अतिशय कोमल पायांचा हा तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात साधना करू लागला. चंक्रमण, म्हणजे ठरावीक वाटेवर ये-जा करीत करायचे ध्यान, त्याने इतक्या हट्टाने केले की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढे सोसूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतून दानधर्म करीत राहावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला तिचीच आठवण करून दिली: तारा फार ताणल्या तरी वीणा सुरात लागत नाही, फार सैल सोडल्या तरी नाही. प्रयत्न सोडायला त्यांनी सांगितले नाही, प्रयत्नात समता आणायला सांगितले; हाच मध्यम मार्ग. कथेचा एवढा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. बुद्धांनी सोणाला एका तळाचे पादत्राण वापरण्याची परवानगी दिली. एकट्यासाठी सवलत घ्यायला तो तयार झाला नाही, तेव्हा ती सगळ्या संघाला मिळाली. चित्ताचा उपदेश आणि पायांची सोय एकाच प्रसंगात झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भगवद्गीतेची भूमिका याच दिशेची आहे. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही, असे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात देहाला पीडा देणाऱ्यांचा निश्चय आसुरी ठरवला आहे, आणि मूढ हट्टाने स्वतःला छळून केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायातील या विचाराचा विस्तार करताना आहार मापात, बोलणे मापात, चालण्याची पावलेही मापात असावीत आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, असा आशय येतो. पावले आणि झोप यांना साधनेच्या एकाच ओळीत बसवणारी ही दृष्टी आजच्या अनेक सराव-वेळापत्रकांपेक्षा पुढची आहे. त्यांत किलोमीटर नेमके लिहिलेले असतात. झोपेसाठी मात्र रकानाच नसतो.

शरीरशास्त्र या विचाराला भक्कम आधार देते. धावताना शरीर बळकट होत नाही, झिजते: स्नायूंतील ग्लायकोजेन संपत जाते, तंतूंना सूक्ष्म इजा होतात, हाडांवर भार साचत जातो. बळकटी येते ती नंतरच्या विश्रांतीत. हाडाच्या पुनर्रचनेत आधी जुना भाग शोषला जातो आणि मग नवा भरला जातो. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड काहीसे कमकुवत असते, आणि नेमक्या याच वेळी पल्ला झपाट्याने वाढवला तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला जाणारी बारीक चीर, होऊ शकते. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांतच वाढते, स्नायुबंध आणि हाडे मात्र मागे राहतात. दम टिकतो म्हणून देह तयार झाला असे नवख्या धावपटूला वाटते, आणि तो फसतो. अन्नाचेही असेच आहे. श्रमाच्या मानाने खाणे सतत कमी पडले तर शरीर प्रजनन, हाडांची भरणी आणि रोगप्रतिकार यांवरचा खर्च आखडता घेते. स्त्रियांची पाळी थांबते, पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. वजन उतरले म्हणून जिथे कौतुक होते, तिथे पुष्कळदा ही अवस्था दडलेली असते.

मग मात्रा ठरवायची कशी? आयुर्वेदाने अर्धशक्तीचे माप दिले आहे. व्यायाम निम्म्या बळापर्यंत करावा, आणि धाप लागून श्वास तोंडाने घ्यावा लागला की ते निम्मे बळ संपले असे समजावे, असा सुश्रुताचा आशय आहे. चरकाने अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत थकवा, क्षय, तहान, खोकला आणि ज्वर मोजले आहेत. आजचे प्रशिक्षक ‘इझी रन’ची, म्हणजे हलक्या वेगाच्या धावेची, हीच खूण वेगळ्या शब्दांत सांगतात: धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या शिष्यांकडून आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर धावून घेतले, पण त्याचा मोठा भाग दम न कोंडणाऱ्या वेगाचा असे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी अनुक्रमे 800 आणि 5000 मीटरची सुवर्णपदके जिंकली. अर्धशक्ती म्हणजे दुबळेपणा, हा समज खोटा ठरवायला एवढे पुरे आहे.

मनाचा भार या मात्रेत धरावाच लागतो. तणावाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी 1936 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम, औषधे अशा वेगवेगळ्या आघातांना शरीर एकाच प्रकारचा प्रतिसाद देते. म्हणून कार्यालयातील तणाव, घरातले आजारपण आणि सकाळचा वेगवान इंटर्व्हल सराव यांची बेरीज होते; कठीण आठवड्यात सराव कमी करणे हा शहाणपणा आहे. घड्याळाची आसक्ती इथे विशेष घातक ठरते. गीता कर्मावर अधिकार सांगते, फळावर नाही. ध्येय ठेवू नये असा त्याचा अर्थ नव्हे; पण वेळेचा आकडा हे फळ आहे, हे विसरू नये. मुंबई मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात ऊन चढलेले, हवेत दमटपणा आणि समोर पेडर रोडचा चढ असताना ठरवलेला वेग धरून ठेवण्याचा हट्ट उष्माघाताकडे नेऊ शकतो. हवा धावपटूच्या हातात नसते. त्या क्षणी वेग उतरवणारा धावपटू आपले कर्म चोख करत असतो.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो. जपानमधील क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू ‘काइहोग्यो’ नावाचे व्रत करतात: सात वर्षांत विभागलेले 1000 दिवस डोंगरवाटांवरून चालणे, पहिल्या वर्षांत रोज सुमारे 30 किलोमीटर, शेवटच्या वर्षी काही काळ 84 पर्यंत. मध्ये नऊ दिवस अन्न, पाणी, झोप आणि आडवे होणे वर्ज्य असते. याच पंथाचे भिक्षू साकाई युसाई यांनी हे व्रत 1980 आणि 1987 असे दोनदा पूर्ण केले. ही मात्रा म्हणायची का? त्याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. अंतर टप्प्याटप्प्याने वाढते, वाटेत शेकडो ठिकाणी थांबून प्रार्थना होते, चालणाऱ्यामागे गुरू आणि मठ उभे असतात, स्पर्धा कोणाशीच नसते. एवढ्या व्यवस्थेत पेललेले कष्ट आणि एखाद्याने एकट्याने, समाजमाध्यमांवरील आकड्यांच्या ईर्ष्येने ओढवून घेतलेले कष्ट यांची जात वेगळी आहे. तरीही नऊ दिवसांच्या त्या निर्जळी व्रताला मध्यम मार्ग म्हणता येणार नाही. ते अपवादात्मक संन्यस्तांचे व्रत आहे. संसारी धावपटूने त्याचा आदर करावा, अनुकरण करू नये.

अनुकरणीय आहे ते सोणाला मिळालेले उत्तर. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद राहत असेल, झोप उडाली असेल किंवा पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर धावपटूने सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि प्रशिक्षकाने त्याला किंवा तिला तसे जाऊ द्यावे.