विधी कोणासाठी? कार्यविश्लेषण आणि मीमांसेतील अधिकारविचार

सूचनेचा अर्थ वस्तूच्या वर्णनात असतो की माणसाने करावयाच्या कृतीत, हा तात्त्विक प्रश्न यंत्राच्या साध्या माहितीपुस्तिकेतही दडलेला असतो. वापरणाऱ्याला काय साधायचे आहे आणि त्यासाठी तो कोणत्या क्रमाने काय करतो, याचा लेखनापूर्वी घेतलेला शोध म्हणजे कार्यविश्लेषण. ते कृतीच्या बाजूने कौल देते.

वैदिक विधिवाक्यांचा, म्हणजे कृती करण्यास सांगणाऱ्या वाक्यांचा, अर्थ लावताना पूर्वमीमांसा या दर्शनानेही हाच कौल दिला. काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे, अशा तीन आकांक्षा विधीतून उठतात, आणि साध्य, साधन व इतिकर्तव्यता, म्हणजे कृतीची रीत, यांनी त्या पुऱ्या होतात. वर्णनपर वाक्ये, ज्यांना अर्थवाद म्हणतात, ती विधीशी जोडली गेली तरच सार्थ ठरतात. वेदात अग्निहोत्राचा होम आधी आणि यवागू, म्हणजे पातळ पेज, शिजवणे नंतर सांगितले आहे. तथापि पेज होमासाठीच असल्याने ती आधी शिजवावी, असा मीमांसकांचा निर्णय आहे. ग्रंथातील क्रम तो पाठक्रम आणि प्रयोजनावरून ठरणारा तो अर्थक्रम. या दोहोंत अर्थक्रम बलवान मानला जातो. त्याचप्रमाणे यंत्राच्या पडद्यावरील बटणे ज्या ओळीने मांडलेली असतात त्याच ओळीने त्यांची माहिती देणारी पुस्तिका पाठक्रमातच अडकते आणि काम करू पाहणाऱ्याला वाटेतच सोडते.

मात्र विधी कोणाला उद्देशून आहे, हा अधिकाराचा प्रश्न अधिक कठीण आहे. फळाची इच्छा असलेल्या कोणालाही यज्ञाचा अधिकार आहे, कारण विधिवाक्य वर्णभेद करीत नाही, हे बादरी या आचार्यांचे मत पूर्वमीमांसेच्या मूळ ग्रंथात, म्हणजे जैमिनीच्या सूत्रांत, नोंदलेले आहे. परंतु सिद्धान्त म्हणून ते नाकारले गेले आणि शूद्र यज्ञाबाहेर राहिला. कृतीचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्या शास्त्राने कर्ता मात्र आधीच ठरवून टाकला, ही त्याची खरी उणीव होय. आजच्या लेखकाकडूनही तेच घडू शकते : डोळस, इंग्रजी जाणणारा आणि यंत्राला सरावलेला वाचक त्याने गृहीत धरला, तर कृतींचा क्रम निर्दोष असूनही अंध किंवा नवशिका माणूस दाराबाहेरच राहतो. म्हणून कार्यविश्लेषणाचा आरंभ कृतीच्या फोडीने न होता, ते फळ कोणाकोणाला हवे आहे या शोधाने व्हावा; बादरीचा नाकारलेला पक्ष तिथे न्याय्य ठरतो.