प्रश्न पुन्हा विचारला की

महाराष्ट्रातल्या टीईटी (शिक्षक पात्रता) परीक्षेत 'बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र' हा ३० गुणांचा भाग असतो. त्याची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, मानसशास्त्रज्ञ पिआजेच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्था घडाघडा सांगेल: दोन वर्षांपर्यंत संवेदक-कारक, सातपर्यंत पूर्वक्रियात्मक, अकरापर्यंत मूर्त क्रियात्मक आणि पुढे औपचारिक. हा तक्ता पाठ करायला सोपा आहे आणि तो टिकला त्याला हेही एक कारण असावं. ज्या माणसाच्या नावावर तो चालतो, त्याला मात्र गुण देण्यात फारसा रस नव्हता.

१९२०च्या सुमारास झाँ पिआजे पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कचाचण्या प्रमाणित करण्याचं काम करत होते. त्यात खरं तर बरोबर उत्तरं मोजायची होती, पण त्यांचं लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेनं चुकतात, तेव्हा त्या चुकण्यात काही रीत असणार, हे त्यांनी ओळखलं. पुढे स्वतःच्या तीन मुलांचं त्यांनी बारकाईनं निरीक्षण केलं. सहा-सात महिन्यांच्या बाळासमोरचं खेळणं फडक्याखाली झाकलं, की बाळ ते शोधायलाच जात नाही. जरा मोठं झालं की शोधतं, पण खेळणं त्याच्या देखत दुसरीकडे लपवलं तरी हात आधीच्याच जागी घालतं. नंतरच्या संशोधकांनी बाळ हातानं काय करतं यापेक्षा ते किती वेळ टक लावून बघतं हे मोजलं. तेव्हा असं दिसलं की वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, याची काही जाण पाचव्या महिन्यातही असते. म्हणजे काय मोजलं, यावर बाळाला काय कळतं याचं उत्तर बदललं.

हेच पुढच्या वयात अधिक ठळक होतं. पिआजेंचा सर्वांत गाजलेला प्रयोग साधा आहे. चकत्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या. 'दोन्हीकडे सारख्याच आहेत ना?' मूल हो म्हणतं. मग मोठा माणूस त्यातली एक ओळ पसरून लांब करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त आहेत. यावरून निष्कर्ष असा निघाला, की जे दिसतं त्यापलीकडे या वयाचं मूल जाऊ शकत नाही.

१९७०च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी या प्रयोगात खेळण्यातलं एक खट्याळ अस्वल आणलं. खोक्यातून बाहेर पडून ते धुडगूस घालतं आणि ओळ विस्कटून जातं. चकत्या त्याच, प्रश्नही तोच. पण आता 'सारख्याच आहेत' म्हणणारी मुलं कितीतरी वाढली.

मला यातला अर्थ असा दिसतो: मूल चकत्या बघतं, तसंच विचारणाऱ्यालाही बघतं. एक मोठा माणूस मुद्दाम काहीतरी बदलतो आणि उत्तर मिळालेलं असताना तेच पुन्हा विचारतो, तेव्हा त्याला वेगळं उत्तर हवं असणार, हा अंदाज अगदी शहाणपणाचा आहे. आपल्या वर्गात हे रोज घडतं. बाईंनी 'नीट बघून सांग' म्हटलं, की बरोबर उत्तर दिलेलं मूलही ते बदलून टाकतं. पहिलं बरोबर असतं तर पुन्हा कशाला विचारलं असतं?

अस्वलानं सगळं उलगडतं असं मात्र नाही. तीन वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल वेगळा विचार करतात, हे घरात मूल असलेल्या कुणाला सांगायला नको, आणि डोनाल्डसनही ते नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसांच्या हेतूंनी भरलेल्या प्रसंगात मूल लवकर विचार करू लागतं. प्रसंगापासून सुटा केलेला विचार मात्र त्याला शिकावा लागतो, आणि हे शिकवण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे शाळा.

मग असा सुटा विचार, म्हणजे तक्त्यातली चौथी अवस्था, वयानं येते की शाळेनं? १९३१-३२ मध्ये मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं: दूर उत्तरेत, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेमल्या दूर उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? मिळालेलं उत्तर साधारण असं होतं, की मी तिथे गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. थोडंफार शिकलेले लोक मात्र अनुमान काढत होते. तक्त्याप्रमाणे जायचं तर त्या संसारी, व्यवहारी माणसांना अकरा वर्षांखाली बसवावं लागेल. मला हे हास्यास्पद वाटतं. त्यांनी पुराव्याबद्दल एक भूमिका घेतली होती आणि ती सुसंगत होती.

उलट बाजू ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात दिसली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १५ वर्षांच्या पाच विक्रेत्या मुलांना आधी धंद्याच्या जागीच, गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. एक नारळ ३५ क्रुझेरोला, तर दहाचे किती? १२ वर्षांच्या मुलानं तीन नारळांचे १०५, आणखी तीन धरून २१० असं करत ३५० गाठले. शून्य जोडण्याची शाळेतली युक्ती त्यानं वापरली नाही. नंतर तशीच गणितं निव्वळ आकड्यांत मांडून दिली, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आली. अलीकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबतही असंच आढळलं. शिवाय वहीतला भागाकार जमणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली.

आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो, की मूल या अवस्था लवकर कसं ओलांडेल. पिआजे याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणायचे. आज तो पुण्या-मुंबईच्या बालवाड्यांच्या जाहिरातींतही दिसतो. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मुलाला कोण, कशासाठी विचारतंय? बाईंना उत्तर आधीच माहीत असतं. नारळ घेणाऱ्याला ते खरोखर हवं असतं.