चावडी कोणाची?

गावाची चावडी गावाच्या मालकीची असते. तिथे कोणी बोलावे आणि कोणाचे बोलणे दूरवर ऐकू जावे, हे एखादा सावकार ठरवू लागला तर? २०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतले, तेव्हा हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला. कोट्यवधी माणसांच्या संभाषणाची जागा एका सौद्यात एका माणसाच्या हाती गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये याच मंचाने अमेरिकेच्या 'एनपीआर' या सार्वजनिक नभोवाणीच्या नावापुढे 'सरकार-संलग्न' अशी चिठ्ठी लावली. संपादकीय स्वातंत्र्यावर आलेला हा डाग नाकारून त्या संस्थेने तेथील लेखन थांबवले.

पण मग जायचे कोठे? या प्रश्नाने संगणक-तंत्रज्ञ आणि वृत्तव्यवसायी एकत्र आले. जर्मनीतील ऑयगेन रोश्को यांनी २०१६ साली 'मॅस्टोडॉन' ही व्यवस्था सुरू केली होती. तिला एक मालक नाही. कोणतीही संस्था आपला सर्व्हर मांडू शकते, त्याचे नियम स्वतः ठरवू शकते आणि तरीही इतर सर्व्हरांवरील लोकांशी बोलू शकते. एका टपाल कचेरीत टाकलेले पत्र दुसऱ्या कचेरीच्या हद्दीत पोहोचते, तसाच हा व्यवहार आहे. जुलै २०२३ मध्ये बीबीसीच्या संशोधन विभागाने प्रयोग म्हणून असा स्वतःचा सर्व्हर चालू केला.

आम्हां कॅथलिकांना या कल्पनेत एक ओळखीचा विचार दिसावा. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात साहाय्यकतेचे तत्त्व मांडले. लहान समूह जे कार्य स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे, असा त्याचा आशय. इटलीत तेव्हा मुसोलिनीची हुकूमशाही होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे मोल कळते. परस्परांशी बोलणे हे तर माणसाचे अगदी मूलभूत कार्य. ते परक्याच्या नफ्यावर आणि लहरीवर अवलंबून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

तथापि सत्ता विभागली की सद्गुण आपोआप उगवतात, असे मात्र नव्हे. २०१९ मध्ये द्वेषमूलक लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेल्या 'गॅब' या मंचाने मॅस्टोडॉनचीच खुली प्रणाली उचलली. तिला अडवणारा मालक नव्हता. अनेक सर्व्हर-चालकांनी आपापली दारे तिला बंद केली, एवढाच उपाय होता, आणि तो प्रत्येकाला स्वतः करावा लागला. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी २०२२ साली सुरू झालेला 'ईयू व्हॉइस' हा सर्व्हर मे २०२४ मध्ये बंद झाला. त्याची जबाबदारी स्वीकारणारी दुसरी संस्था पुढे आली नाही. साधने होती, तत्त्वही मान्य होते. राखणदार मात्र मिळाला नाही.

येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. मोठ्या मालकाला आपण आपले स्वातंत्र्य देतो, तेव्हा त्यासोबत आपली कटकटही देतो. शिवीगाळ कोणी पुसावी, खोटी बातमी कोणी अडवावी, वीज आणि यंत्रांचा खर्च कोणी सोसावा, याचा विचार मग आपल्याला करावा लागत नाही. स्वातंत्र्य परत मागायचे, तर ही कटकटही परत घ्यावी लागेल.

धर्मग्रामातील कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. मंदिर झाडणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे, हिशेब ठेवणारे हात असतात, म्हणूनच धर्मग्राम आपले वाटते. आज आपल्या धर्मग्रामांचे पुष्कळसे निरोप व्हॉट्सॲपवरून, म्हणजे एका परदेशी कंपनीच्या अंगणातून फिरतात. ते अंगण उद्याच सोडावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिथे पसरणाऱ्या अफवेला आणि अपमानाला आवर घालण्याचे काम आजही आपलेच आहे. ते आपण आज करीत नसू, तर उद्या स्वतःची चावडी बांधूनही ती आपल्याला राखता येणार नाही.