शिखराचा त्याग आणि यात्रेचा व्यवसाय
नेपाळमधील माछापुच्छ्रे (६,९९३ मीटर) हे शिखर गुरुंग समाज पवित्र मानतो. १९५७ साली ब्रिटिश लष्करातील गुरखा पलटणीचे अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांनी आखलेल्या मोहिमेत विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे गिर्यारोहक या शिखराच्या सुमारे ४५ मीटर खालूनच परतले. रॉबर्ट्स यांनी पुढे १९६४ मध्ये ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली आणि तंबू, शेर्पा व स्वयंपाकी यांसह परदेशी प्रवाशांना पायी हिमालय दाखवण्याचा, म्हणजे ट्रेकिंगचा, व्यवसाय उभा केला. शिखर न गाठता परतण्यात अपरिग्रह, म्हणजे मालकीचा व संग्रहाचा मोह न धरणे, दिसत असेल, तर हे व्रत विक्रीला ठेवलेल्या प्रवासात टिकते का, हा प्रश्न येथे उभा राहतो. शिखर जिंकण्याऐवजी त्याच्या पायथ्याशी चालण्याचे मोल घेणारा हा व्यवसाय गाभाऱ्यात न जाता मंदिराच्या कळसाच्या दर्शनालाही मान्यता देणाऱ्या वारकरी परंपरेला फारसा परका वाटू नये. मात्र वारकरी दर्शनाचे दाम मोजत नाही, आणि हा भेद किरकोळ नव्हे. शिवाय पवित्र भूमीवर गर्दी आणण्याचे उत्तरदायित्व, चालणे कितीही विनम्र असले तरी, आयोजकाला टाळता येत नाही.